सोळा तंतुवाद्यं, चार माणसं आणि न थांबणारी टेप

तबल्याचा रियाज करणाऱ्याला ॲपवरच्या लेहऱ्याचा, म्हणजे साथीला पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या सुरावटीचा, स्वभाव चांगला माहीत असतो. तिहाई समेवर आली नाही तरी लेहरा ढिम्म पुढं जातो. पेटीवर माणूस असता तर त्यानं अर्धी मात्रा सांभाळून घेतली असती. आता या लेहऱ्याची लय न सांगता बदलू लागली, कधी चढी तर कधी उतरती, शिवाय लयीबरोबर षड्जही बदलू लागला, आणि एकट्या तबलजीऐवजी चौघांना एकदम त्यावर बसायचं असलं, तर जी पंचाईत होईल तीच १९८८ साली क्रोनॉस क्वार्टेट या तंतुवादकांच्या अमेरिकी चौकडीपुढं होती.

त्या वर्षी २ नोव्हेंबरला लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये क्रोनॉसनं स्टीव्ह राइश या अमेरिकी संगीतकाराची ‘डिफरंट ट्रेन्स’ ही रचना पहिल्यांदा वाजवली. लांबी साधारण २७ मिनिटं, भाग तीन. मंचावर माणसं चार, पण ऐकू येत होती सोळा तंतुवाद्यं, आगगाडीच्या शिट्ट्या, हवाई हल्ल्याचे भोंगे आणि पाच माणसांचं बोलणं. चार वाद्यं सोडून बाकी सगळं टेपवर. हे प्रकरण त्या एकाच रचनेचं आहे: ती तशी का घडली, मंचावर कशी उभी राहते आणि कुठं घसरते.

वीस पेल्यांपासून

क्रोनॉस हा स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. युरोपीय अभिजात संगीतातली ही फार मुरलेली मांडणी. अठराव्या शतकातल्या हायडनपासूनचा रचनांचा संग्रह तयार असतो आणि बहुतेक क्वार्टेट जन्मभर त्यातच रमतात. डेव्हिड हॅरिंग्टन या व्हायोलिनवादकानं १९७३ साली सिॲटलमध्ये निराळा क्वार्टेट काढला, कारण त्यानं रेडिओवर जॉर्ज क्रम या अमेरिकी संगीतकाराची ‘ब्लॅक एंजल्स’ ऐकली. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, १९७० साली लिहिलेली ही रचना.

तिला लागणारं सामान पाहिलं की पुढचं सगळं कळतं. वादकांनी आपापली वाद्यं वाजवायचीच, शिवाय पहिल्या व्हायोलिनजवळ काचेचे ७ पेले, दुसऱ्याजवळ ७, व्हायोलाजवळ ६. एकूण २०. दोन टांगलेल्या थाळ्या (टॅम-टॅम), एक १५ इंची, दुसरी २४ इंची, आणि त्यांच्या कडेवर ओढायला डबलबासचा जाड गज. काचेच्या कांड्या, बोटात घालायची शिवणकामाची अंगुस्तानं, तारा छेडायला धातूची नखी, खुळखुळे. चारही वाद्यांचा आवाज विजेवर मोठा केलेला.

पेल्यांची गोष्ट जलतरंगवाल्याला लगेच समजेल. पाणी वाढवलं की स्वर उतरतो. फरक एवढाच की इथं काडीचा आघात नाही, पेल्याच्या कडेवर गज उभा ओढायचा असतो. त्यासाठी पातळ काचेचा दांडीचा पेला लागतो. जाड काच बोलतच नाही. पेल्याचा तळ फळीला पक्का केला नसेल तर पेला गजाबरोबर सरकतो आणि स्वराच्या जागी खरखर निघते. गजाला राळ कमी असली की तो नुसता घसरतो. दुपारी जुळवलेला पेला रात्री किंचित चढलेला सापडतो, कारण दिव्यांच्या उष्णतेनं पाणी उडतं. म्हणून शेवटचं जुळवणं दिवे लागल्यावर, मंचावरच करायचं.

क्रोनॉसच्या पुढच्या वाटचालीचं बी या सामानात आहे असं आमचं मत आहे. वाद्याचा आवाज लाउडस्पीकरातून येणार हे एकदा मान्य केलं की साउंडवाला हा क्वार्टेटचा पाचवा वादक होतो. क्रोनॉसनं हे फार लवकर ओळखलं. आवाज आणि प्रकाश सांभाळणारी माणसं त्यांच्या दौऱ्यात कायमची असतात, त्या त्या सभागृहाच्या भरवशावर सोडलेली नसतात.

बाकी इतिहास थोडक्यात. सुरुवातीच्या दिवसांत केन बेन्शूफ या संगीतकाराकडून त्यांनी पहिली नवी रचना लिहून घेतली, तिचा मोबदला एक पिशवी डोनट. १९७८ साली मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोला हलला आणि चौकडी पक्की झाली: हॅरिंग्टन, जॉन शर्बा, व्हायोलावर हँक डट, चेलोवर जोन जीनरेनो. १९९९ पर्यंत हेच चौघं. त्यानंतर चेलोवरची माणसं बदलत गेली. शर्बा आणि डट २०२४ साली निवृत्त झाले. क्रोनॉससाठी लिहिल्या गेलेल्या रचना आणि केलेली रूपांतरं आता हजाराच्या वर आहेत. सगळं साधलं असंही नाही. मॉर्टन फेल्डमन या संगीतकाराचा दुसरा क्वार्टेट (चौघांसाठीची रचना) पूर्ण वाजवायला सुमारे सहा तास लागतात. १९९६ साली न्यू यॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये तो व्हायचा होता, पण शरीराला झेपणार नाही म्हणून त्यांनी तो कार्यक्रम रद्द केला.

पाच आवाज

अमेरिकेत नव्या संगीताला सढळ हातानं पैसा पुरवणाऱ्या बेटी फ्रीमन यांनी ‘डिफरंट ट्रेन्स’चा खर्च उचलला, क्रोनॉससाठी म्हणूनच. राइशनं १९६५ आणि १९६६ मध्ये माणसाच्या बोलण्याचे टेपचे फेरे करून दोन रचना केल्या होत्या, त्यानंतर बोललेला आवाज त्यानं वर्षानुवर्षं बाजूला ठेवला. आता सॅम्पलर हाताशी आला होता, म्हणजे ध्वनीचा तुकडा कीबोर्डच्या पट्टीवर बसवून हवा तेव्हा वाजवता येत होता. पहिला विचार बेला बार्टोक या, स्वतःच्या क्वार्टेटसाठी गाजलेल्या हंगेरियन संगीतकाराच्या जुन्या ध्वनिमुद्रणातला आवाज घ्यायचा होता. पण क्वार्टेट लिहिताना बार्टोक मानगुटीवर बसलेला कोणाला परवडणार? तो बेत सुटला.

मग त्यानं स्वतःचं लहानपण धरलं. आईवडील वेगळे झालेले, वडील न्यू यॉर्कला, आई लॉस एंजलिसला. १९३९ ते १९४२ या काळात तो सांभाळणाऱ्या दाईबरोबर आगगाडीनं इकडून तिकडं जात असे. त्याच वर्षांत आपण युरोपात असतो तर ज्यू म्हणून फार वेगळ्या गाड्यांत बसावं लागलं असतं, हा या रचनेचा गाभा आणि हेच तिचं नाव.

सामग्री त्यानं अशी जमवली. सत्तरी ओलांडलेल्या त्या दाईला तेव्हाच्या प्रवासांबद्दल बोलतं केलं आणि ते टेपवर घेतलं. न्यू यॉर्क ते लॉस एंजलिस मार्गावर नोकरी केलेल्या, ऐंशी ओलांडलेल्या एका निवृत्त रेल्वे पोर्टरचं बोलणं घेतलं. नाझी छळातून वाचून अमेरिकेत आलेल्या, साधारण त्याच्याच वयाच्या तिघांच्या मुलाखती ध्वनिमुद्रणांच्या संग्रहांतून मिळवल्या. शेवटी १९३०-४० च्या दशकांतल्या अमेरिकी आणि युरोपीय गाड्यांचे आवाज शोधले.

यातून सुरात असलेले छोटे तुकडे निवडले. सुरात म्हणजे गायलेले नव्हेत, तर ज्या बोलण्याचा चढउतार कानाला स्पष्ट पकडता येतो असे. बरेचसे चारपाच शब्दांचे: शिकागोहून न्यू यॉर्क, सगळ्यात वेगवान गाड्यांपैकी एक, १९३९ सालची गोष्ट. प्रत्येक तुकडा शक्य तितक्या काटेकोरपणे नोटेशनमध्ये उतरवला. सॅम्पलिंग कीबोर्ड आणि संगणक वापरून बोलणं, शिट्ट्या, भोंगे टेपवर गेले. त्यावर क्वार्टेटचे तीन थर ध्वनिमुद्रित झाले. चौथा थर मंचावर. चार चोक सोळा, तो हिशेब इथला.

लय उड्या का मारते

ही रचना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गाडीची धडधड आवडते, आणि थोड्याच वेळात लयीच्या उड्या खटकतात. गाडी वेग घेते तसा हळूहळू बदल नाही, एकदम दुसरी लय, दुसरा षड्ज. याचं कारण बरंचसं यांत्रिक आहे, आणि ते समजलं तरच वादकाला या उड्या पटतात.

१९८८ च्या सॅम्पलरमध्ये स्वर आणि वेग एकमेकांना बांधलेले होते. तुकडा एक अर्धस्वर चढवला, म्हणजे ‘सा’चा कोमल रे केला, की तो सुमारे ६ टक्के जास्त वेगानं वाजतो. दोन सेकंदांचं वाक्य १.८९ सेकंदांत संपतं. कोमल गपर्यंत नेलं तर १.६८ सेकंद, आणि म्हातारीचा आवाज कार्टूनमधल्या उंदराचा होतो. उलटही तेच. एका तुकड्याची नैसर्गिक लय मिनिटाला ९४ मात्रांची असली आणि ती ओढून १०८ करायची म्हटली, तर आवाज जवळजवळ अडीच अर्धस्वर चढतो. स्मृतीही तुटपुंजी. १६ बिटमध्ये सेकंदाला ३६,००० नमुने घेतले तर सेकंदाला ७२,००० बाइट लागतात, म्हणजे एका मेगाबाइटमध्ये साडेचौदा सेकंदांचा ध्वनी. तुकडे आखूड असण्यामागं सौंदर्यदृष्टी आहे आणि फ्लॉपीही आहे.

मग दोनच वाटा उरतात. आवाज ताणून संगीताच्या चौकटीत बसवायचा, नाहीतर संगीतानं आवाजामागं जायचं. राइशनं दुसरी घेतली. साक्षीदाराचं बोलणं जसं आहे तसंच राहील, त्याचा सूर आणि त्याची लय हाच त्या प्रसंगापुरता कायदा, आणि सोळा तंतुवाद्यं त्याला शरण. पोर्टर निवांत बोलतो तेव्हा संगीत निवांत. निर्वासित बाई धापा टाकत बोलते तेव्हा सगळ्यांनी तिच्या लयीत यायचं. आज कुठल्याही मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वर न हलवता वेग बदलता येतो. कोणी सगळे तुकडे एका लयीत बसवून ही रचना ‘सुधारली’ तर ती गुळगुळीत होईल आणि तिच्यातली माणसं निघून जातील.

बोलण्याचं नोटेशन

मुंबईच्या लोकलमधलं ‘पुढील स्टेशन’ रोज ऐकणाऱ्याला त्याची चाल पाठ असते. शब्द काढून नुसतं गुणगुणलं तरी डब्यातला शेजारी ओळखेल. बोलण्यात असा सूर असतोच. लिओश यानाचेक हा चेक संगीतकार रस्त्यावरच्या माणसांची बोलणी वहीत स्वरांत टिपून ठेवत असे. राइशनं हेच केलं, फक्त टेप समोर ठेवून.

वाटणी साधी आहे: बाईचं बोलणं व्हायोलाकडं, पुरुषाचं चेलोकडं. बहुतेक वेळा वाद्य आधी ती चाल वाजवतं आणि आवाज मागून येतो, त्यामुळं माणूस बोलू लागतो तेव्हा त्याची चाल आपल्या ओळखीची झालेली असते. इतर वाद्यं चाकं फिरवतात. त्या धडधडीमागं ड्रमवाल्यांचा पॅरडिडल आहे: उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. हातांनी मांडीवर वाजवून पाहा, दर चौथ्या ठोक्याला हात दुहेरी पडतो आणि रुळांच्या सांध्यावरचा तो खटका आपोआप येतो. राइश स्वतः तालवादक, सत्तरच्या दशकात घानात जाऊन ढोल शिकलेला. धडधड अशी नेमकी बसण्याचं कारण तिथं असावं.

शिट्ट्यांचंही शास्त्र आहे. अमेरिकी इंजिनांची शिट्टी लांब, तिच्यातलं अंतर षड्ज-मध्यम किंवा षड्ज-पंचमाचं, मोकळं. युरोपीय शिट्टी आखूड, किंचाळणारी, तीन स्वर एकदम. दुसऱ्या भागात गाडी बदलली हे कोणी सांगण्याआधी कानाला कळतं ते यामुळं.

व्हायोला आणि चेलोवाले इथं ठरावीक चुका करतात. पहिली कंपनाची. क्वार्टेटच्या शिक्षणात डाव्या बोटाचं कंपन अंगवळणी पडलेलं असतं. बोलण्याच्या सुरावर ते चढवलं की साक्षीदाराचा आवाज आणि वाद्य एकमेकांना चिकटत नाहीत, वाद्य भावनावश झाल्यासारखं वाटतं. दुसरी चूक स्वराची. माणूस पियानोच्या पट्ट्यांवर बोलत नाही. नोटेशनमधला स्वर जवळचा असतो, नेमका नसतो. म्हणून स्वर कागदावरून न घेता टेपवरून घ्यायचा. तिसरी चूक आघाताची. इंग्रजी वाक्यात जोर कुठल्या अक्षरावर पडतो ते न पाहता प्रत्येक सूर सारख्या वजनानं ओढला की वाक्य कळेनासं होतं.

यावर आपल्याकडं हातखंडा उपाय आहे: पढंत. तबलजी कायदा (बोलांची एक रचना) हातावर घेण्याआधी तोंडानं म्हणतो, तसं प्रत्येक वाक्य वादकानं आधी तोंडानं म्हणायचं, त्या माणसाच्या लयीत, त्याच्या श्वासासकट. मग गजाची दिशा ठरवायची. वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडतो तिथं गज टोकाकडं संपायला हवा. उलटा ठेवला तर शेवटच्या अक्षराला नको ते वजन येतं.

मंचावर

टेप आणि चौघं जुळणार कसे? मोठी गोष्ट अंतराची. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. टेपचा आवाज वादकांपासून १० मीटरवरच्या स्पीकरातून ऐकला तर तो २९ मिलिसेकंद उशिरा येतो. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत मात्रेचा चौथा हिस्सा १५० मिलिसेकंदांचा. म्हणजे वादक टेपबरोबर अगदी बरोबर वाजवतोय असं त्याला वाटत असताना तो जवळपास पाचव्या हिश्शानं मागं असतो. प्रेक्षकांना ते गढूळ ऐकू येतं आणि वादकाला कारण उमगत नाही. त्यातून तो घाई करतो, मग चौघांत फूट पडते. उपाय एकच: टेपचा आवाज प्रत्येक वादकाच्या पायाशी, एक-दीड मीटरवरच्या मॉनिटरमधून, म्हणजे वादकांकडं तोंड केलेल्या छोट्या स्पीकरमधून. दर्शनी स्पीकरकडं कान द्यायचाच नाही.

लयीच्या उड्यांसाठी काही चौकड्या कानात क्लिक घेतात. क्लिक सुरक्षित आहे, पण एका कानात टकटक चालू असताना शेजाऱ्याचा गज ऐकू येणं कमी होतं आणि चौघं एकमेकांचे न राहता टेपचे होतात. क्लिक घ्यायचीच तर प्रत्येक उडीआधी नव्या लयीचे दोनचार ठोके आधी ऐकू येतील अशी करून घ्यावी, नाहीतर ती लय बदलल्यावर कळवते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. क्लिक नको असेल तर उड्या पाठ हव्यात. आमचा कल पाठांतराकडं आहे. उडीच्या आधीचा टेपवरचा शेवटचा आवाज कोणता, शिट्टी की शब्द, हे प्रत्येकानं आपल्या पार्टवर (आपल्या वाद्याच्या नोटेशनवर) लिहून ठेवायचं आणि एकानं, बहुतेकदा पहिल्या व्हायोलिननं, श्वासानं इशारा द्यायचा.

तालमीचा क्रम असा ठेवला तर वेळ वाचतो. पहिल्या काही बैठका टेपशिवाय, मेट्रोनोमवर, प्रत्येक लय स्वतंत्र. नंतर फक्त उड्या: आधीचे चार बार (नोटेशनमधले खंड), नंतरचे चार बार, पुन्हा पुन्हा. मग टेप, पण हळू आवाजात. टेप मोठी ठेवली की चुका तिच्यामागं लपतात. सगळ्यात शेवटी सभागृहात पूर्ण आवाजात. पूर्ण आवाजाची एक तालीम तरी हवीच, कारण उजव्या हाताचा थकवा तिथंच कळतो. मिनिटामागून मिनिटं मात्रेचा तोच चौथा हिस्सा गजावर चालू असतो आणि खांदा भरून येतो. गजाच्या मधोमध, थोड्या लांबीत, मनगटातून वाजवणारे टिकतात.

आवाजाची पातळी हे साउंडवाल्याचं खरं काम. वाक्य कळलं पाहिजे, पण आवाज संगीताच्या डोक्यावर बसता कामा नये. थेट वाजणारा क्वार्टेट टेपवरच्या तीन क्वार्टेटपेक्षा किंचितच पुढं. फार पुढं आणला तर सोळा वाद्यांचा एक गट न राहता एक क्वार्टेट आणि त्यामागं कॅसेट असं होतं. माइक वाद्याजवळ हवा, तारांखालच्या घोडीपासून वीतभर. दूरचा माइक मॉनिटरचा आवाज पकडून शिट्टी मारतो. उंच छताच्या, घुमणाऱ्या वास्तूत ही रचना घेऊच नये. दगडी चर्चमध्ये हायडन सुरेख वाजतो, पण इथं पॅरडिडलचा चिखल होतो.

दुसऱ्या भागाबद्दल

वाजवणाऱ्यांनी टाळू नये असा एक प्रश्न आहे. दुसऱ्या भागात छळछावणीकडं नेलं गेल्याच्या साक्षी आहेत: चार दिवस चार रात्री, गुरांचे डबे, ओळख नसलेली पोलिश नावं. ही वाक्यं मोठ्या मुलाखतींमधून उचललेली आहेत. पुढं संशोधकांनी मूळ ध्वनिमुद्रणं ताडून पाहिली आणि राइशनं काय निवडलं, काय वगळलं, काही शब्द बरोबर ऐकले का, यावर आक्षेप घेतले. आक्षेपांत तथ्य आहे. सुरात असलेलं वाक्य निवडायचं ठरवलं की अर्थानं महत्त्वाचं पण सपाट बोललेलं वाक्य बाहेर राहतं. तरीही भावनेला हात घालणारं पार्श्वसंगीत न लावता साक्षीदाराच्याच आवाजातून संगीत काढण्याची ही रीत आम्हाला जास्त सचोटीची वाटते. कार्यक्रमपत्रिकेत बोललेल्या वाक्यांचा मजकूर द्यावा आणि हे तुकडे आहेत, पूर्ण साक्ष नव्हे, असं एका ओळीत लिहावं.

शेवट अवघड आहे. तिसऱ्या भागात युद्ध संपलेलं, गाड्या पुन्हा अमेरिकेच्या, आणि अखेरीला एक आठवण: एका मुलीचा आवाज सुंदर होता, जर्मनांना तिचं गाणं आवडायचं, ती थांबली की ते आणखी गा म्हणायचे आणि टाळ्या वाजवायचे. या शब्दांनंतर सभागृहात टाळ्या वाजणार असतात. चौघांनी गज हवेत धरून ठेवावेत आणि प्रकाशवाल्यानं दिवे लगेच उजळू नयेत. टाळ्या सुरू व्हायला जो उशीर होतो तो होऊ द्यावा.

नंतरची कामं

नोनसच कंपनीनं ही रचना १९८९ साली प्रसिद्ध केली आणि १९९० साली समकालीन रचनेचं ग्रॅमी तिला मिळालं. त्याहून मोलाचं म्हणजे क्रोनॉसच्या हाती एक पद्धत आली: स्वतःच्याच थरांवर वाजवणं. राइशनं त्यांच्यासाठी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘ट्रिपल क्वार्टेट’ लिहिला, टेपवर दोन क्वार्टेट, मंचावर एक. त्यात बोलणं नाही, आणि टेप नको असेल तर बारा वादक घेऊन थेट वाजवता येतो. २०११ साली ‘डब्ल्यूटीसी ९/११’ आली. तोवर तंत्र बदललं होतं. बोललेल्या शब्दाचा शेवटचा स्वर ताणून धरता येऊ लागला आणि वाद्यांना लांब सुरांवर रेंगाळायला जागा मिळाली. दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर तेवीस वर्षांत यंत्र किती बदललं ते सरळ ऐकू येतं.

मराठी कानाला जवळचं काम २००५ चं. राहुल देव बर्मन यांची बारा गाणी क्रोनॉसनं नोनसचसाठीच ध्वनिमुद्रित केली, गायला आशा भोसले, तबल्यावर झाकीर हुसेन, पिपा या चिनी तंतुवाद्यावर वू मान. सांगलीत जन्मलेल्या, मंगेशकरांच्या घरातल्या आशाताईंनी ‘चुरा लिया’ आणि ‘पिया तू’ सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा गायली. पंचमच्या, म्हणजे बर्मन यांच्या, मूळ ध्वनिमुद्रणात व्हायोलिनांचा ताफा, गिटार, ब्रास, काँगा, चित्रविचित्र आवाज. क्वार्टेटकडं माणसं चार. इथं पुन्हा थरच कामी आले, आणि वादकांनी आपली वाद्यं सोडून इतर वाद्यंही हाती घेतली. आमच्या कानाला ‘मेरा कुछ सामान’ सगळ्यात भरतं. त्या गाण्याचे शब्द मुळातच बोलल्यासारखे, यमक नसलेले, आणि चाल त्या बोलण्यामागून जाते. क्वार्टेटला हे काम आधीपासून येत होतं.

२०१५ साली क्रोनॉसनं पन्नास नव्या रचना लिहून घ्यायला सुरुवात केली, वर्षाला दहा, त्यांत पाच स्त्रिया आणि पाच पुरुष. सगळ्यांची संहिता आणि पार्ट इंटरनेटवर फुकट. झाकीर हुसेन यांची ‘पल्लवी’ आणि रीना इस्माइल यांची ‘जहर’ त्यात आहेत.

वाजवायचं असेल तर

पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात हौशी क्वार्टेट असेल तर ‘डिफरंट ट्रेन्स’ला थेट हात घालू नये. आधी ‘पल्लवी’सारखी फुकट मिळणारी, टेप नसलेली रचना बसवावी. मग स्वतःचा एखादा छोटा थर ध्वनिमुद्रित करून त्यावर वाजवून पाहावं. स्वतःच्याच कालच्या लयीशी जुळवून घेणं किती कठीण आहे ते तेव्हा कळतं. ‘डिफरंट ट्रेन्स’चे पार्ट आणि टेप प्रकाशकाकडून रीतसर घ्यावे लागतात. टेपवरचे तीन क्वार्टेट स्वतः ध्वनिमुद्रित करणाऱ्या चौकड्याही आहेत. त्यात स्वतःचा वाद्यनाद सोळा जागी मिळतो हा फायदा, पण तिन्ही थर एकाच उंचीला जुळवले नाहीत तर मंचावरचा चौथा थर कोणाशी लावायचा हा घोळ होतो. प्रत्येक थराआधी त्याच एका संदर्भस्वराला वाद्यं लावावीत. चौघांनी एकमेकांना लावत बसू नये.

आणि वीज. आपल्या सभागृहात मेन लाइन जाऊन जनरेटर चालू होईपर्यंत काही सेकंद जातात. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण वेगळ्या विजेवर चालणारा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमधला ध्वनी बाहेर काढणारं यंत्र) आणि मिक्सर बंद पडतात. पडद्यावर टेप पुढं सरकत असते, सभागृहात मात्र ती नसते. जनरेटर येतो तेव्हा गाडी तीन वाक्यं पुढं गेलेली असते आणि चौघांना कुठं चढायचं ते कळत नाही. इंटरफेस आणि मिक्सर दोन्ही यूपीएसवर ठेवावेत. तरीही टेप हातची गेलीच, तर साउंडवाल्याकडं तिन्ही भागांच्या आरंभखुणा तयार असाव्यात, आणि कोणत्या खुणेपासून परत निघायचं हे कार्यक्रमाआधीच ठरवून चारही पार्टवर तांबड्या पेन्सिलीनं लिहिलेलं असावं.